उंचावर उभे असणाऱ्यांसाठी



पावसाळ्यापूर्वी आपल्या सभागृहाच्या छताला नवा गिलावा करण्यात आला. मिस्त्रींबरोबर एक शिकाऊ पोरगा होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने आम्हांला मोबाईलवर परदेशातील कारागीर दाखवले. पायांना ॲल्युमिनियमच्या उंच काठ्या बांधून ते चालता चालता छत लिंपत होते.

“फादर, अशा काठ्या मिळाल्या तर परांची हलवायला नको,” तो म्हणाला.

मिस्त्री हसले. “अरे, थापी खाली पडली तर उचलशील कशी? त्यांच्यावर उभं राहून वाकता येत नाही. जमीन झाडून ठेवणारा, माल हातात देणारा खाली लागतोच.”

त्यानंतर आमच्या हातून एक चूक झाली. रविवारी कार्यक्रम होता म्हणून आम्ही घाई केली. पोराने एकाच थरात जाड माल मारला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मोठा तुकडा खाली आला. चार लोकांदेखत आम्ही त्याला नको ते बोललो. तो गप्प राहिला. घमेले घेऊन तुकडे भरू लागला. छताला आधी टाचे मारावे लागतात, पाणी मारावे लागते आणि थर पातळ द्यावा लागतो, हे आम्हांला नंतर कळले. घाई आमची होती, बोलणी त्याने खाल्ली.

रोममधील सिस्टीन चॅपलचे छत मायकेल अँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवले. ती चित्रे ओल्या गिलाव्यावरची आहेत. दिवसभरात जेवढे रंगवायचे तेवढाच भाग आधी लिंपायचा. जुना गिलावा काढून नवे अस्तर देण्याचे काम पिएरो रोसेल्ली याने केले. चित्रकाराचे नाव जगाला पाठ आहे. रोसेल्लीचे नाव किती जणांनी ऐकले असेल?

लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयही उंचावर चढला होता. चढण्यात पाप नव्हते; उंबरावर चढला म्हणूनच त्याला प्रभू दिसला. पण प्रभूने त्याला खाली बोलावले. तारण झाडावर नव्हे, त्याच्या घरात आले. आणि खाली उतरल्यावरच ज्यांना लुबाडले होते त्यांना चौपट परत देण्याचे त्याला सुचले.

आपल्यापैकी कुणी कारखान्यात सुपरवायझर आहे, कुणी शिक्षक, कुणी घरातले कर्ते. आम्ही वेदीवर उभे असतो. ह्या सगळ्या उंच काठ्याच आहेत. त्या कामासाठी बांधाव्यात. परंतु काम संपल्यावर सोडायला विसरलो, तर वाकायचे कसे?

गेल्या आठवड्यात आम्ही त्या पोराला शोधून त्याची माफी मागितली. तो लाजला आणि एवढेच म्हणाला, “फादर, तो तुकडा नीट धरला ना?”

धरला आहे. सभागृहात आलात की वर जरूर पाहा. आणि या आठवड्यात, आपल्यामुळे ज्याने विनाकारण बोलणी खाल्ली अशा एका तरी माणसाकडे खाली उतरून जा.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू