डोक्याचं माप ठाऊक नाही, आणि म्हणे हेल्मेट टोचतं!

खाली बसा. मध्ये कोणी बोलायचं नाही. राहुरीहून, सुप्याहून, जामखेड रस्त्यानं रोज गाडीवर येता आणि हेल्मेट आरशाला लटकवता. विचारलं की उत्तर ठरलेलं: "सर, टोचतं. सर, घाम येतो."

टोचणारच! रस्त्याकडेच्या ढिगातून रंग बघून उचललंत ना? चप्पल घेताना चार जोड पायात घालून बघता, आणि डोक्याला मिळेल ते? भुवयांच्या किंचित वरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवा. जे सेंटिमीटर भरतील, त्यावरून साइज मागा. सैल म्हणजे आरामाचं, हा समज आधी डोक्यातून काढा. नवं हेल्मेट गालांना घट्टच बसलं पाहिजे, वापरून गादी दबते. पण कपाळावर एकाच जागी दुखत असेल, तर तो आकार तुमच्या डोक्याचा नाही. दुकानात दहा-पंधरा मिनिटं घालून उभे राहा. कपाळावर लाल वळ उठला, तर परत ठेवा. पट्टा लावून मागची कडा पुढे ओढा. निघून आलं, तर तेही परत ठेवा.

आपल्या उन्हात चेहरा मोकळा हवा, म्हणून ओपन फेस घेता? घ्या. पण कान आणि डोक्याची मागची बाजू झाकणारंच घ्या. कानाच्या वर संपणारी ती वाटी मला दिसता कामा नये. आणि ओपन फेसमध्ये हनुवटी उघडी राहते, हे पक्कं ध्यानात ठेवा. गळीत हंगामात मनमाड रस्त्यावर अंधारात उसाची ट्रॉली उभी असते, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. तिथं माणूस तोंडावरच आदळतो. रोज त्या रस्त्यानं येणाऱ्यांनी पूर्ण बंद हेल्मेटच घालायचं. घाम पुसता येतो, जबडा नवा मिळत नाही.

१ जून २०२१ पासून आयएसआय प्रमाणित नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. आयएसआय खुणेसोबत आयएस ४१५१ आणि परवाना क्रमांक आहे का, बघून घ्या. आतला थर्माकोलसारखा थर स्वतः चेपून मार झेलतो आणि पुन्हा फुगत नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी निकामी. धाकट्या भावाला ते देऊ नका.

पट्टा न लावणाऱ्यांनीही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ पट्टा नीट बांधायला सांगतं. मोडलंत तर हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बंद. पण तुम्ही पोलिसाला भ्यावं, एवढ्यासाठी मी घसा कोरडा करत नाही.

"जवळच तर जायचंय," हे तर मला ऐकवूच नका. टी. ई. लॉरेन्स, वाळवंटातल्या लढाईतून जिवंत परतलेला माणूस, १९३५ साली घराजवळच मोटारसायकलवरून पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी गेला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांपैकी ह्यू केर्न्स यांनी पुढे लष्करी मोटारसायकलस्वारांचे अपघात अभ्यासले आणि १९४१ मध्ये हेल्मेटची गरज जगापुढे मांडली. इतक्या वर्षांपूर्वी सिद्ध झालेली गोष्ट तुम्हाला आज ओरडून सांगावी लागते!

तुमच्या आईबापांनी ऊस-कांदा विकून गाडी घेऊन दिली, ती तुम्ही शिकावं म्हणून. उद्या प्रत्येकानं डोक्याचं माप वहीच्या पहिल्या पानावर लिहून आणायचं. ज्याचं हेल्मेट मापाचं नसेल, तो ते बदलेपर्यंत एसटीनं येईल.