वाट्यातली मांदेली

दादरच्या बाजारात पापलेट नगावर विकले जाते, मांदेली वाट्याने. कोळीण मूठ-दोन मुठी मासळी फळीवर रचते, "घे ताई, वर चार घालते" म्हणते आणि खरेच घालते. एकट्या मांदेलीला भाव नाही. समुद्रातही ती एकटीदुकटी फिरत नाही.

थव्याला पुढारी नसतो. शेजारणीचे वळण डोळ्यांनी टिपायचे, पाण्याचा दाब अंगाने ओळखायचा, एवढ्यावर सगळा थवा एकदम फिरतो; झडप नेमकी कोणावर घालावी हे शिकाऱ्याला उमगत नाही. डोलीपुढे मात्र ही हुशारी चालत नाही. खुंटांना बांधलेले ते लांबलचक जाळे भरती-ओहोटीच्या ओढीकडे तोंड करून उभे असते. जवळा, बोंबील, मांदेली, सगळ्यांना ओढच आत लोटते.

एक मांदेली तळहातावर घेऊन पाहावी. अंग सोनेरी, मागे सुरीच्या पात्यासारखे निमुळते होत शेपटीत मिटलेले. पोटाच्या बाजूने मोतिया ठिपक्यांच्या रांगा, ही तिची प्रकाशेंद्रिये. १८४८ साली वालाँसियेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले आणि नाव दिले द्युस्युमिये या व्यापारी-प्रवाशाचे. बारशाला कोळणींना कोणी बोलावले नाही.

जवळा आणि त्याहून बारीक तरंगते जीव खाऊन मांदेली मांस धरते आणि बोंबलासारख्या खादाडांच्या पोटात जाते. या उतरंडीत प्रत्येक पायरीवर ढोबळमानाने दहावाच हिस्सा वर पोचतो, बाकीचा जगण्यात खर्ची पडतो. सुरमई वाढते ती तारली आणि मांदेलीच्या भाऊबंदांवर. म्हणजे किलोभर सुरमईमागे दहाएक किलो बारीक मासळी गेलेली असते. लालबाग-परळच्या खाणावळीत काट्यासकट मांदेली चावणारा गिरणी कामगार समुद्राकडून सुरमईवाल्यापेक्षा किती कमी मागत होता! तरी गरिबाची मासळी म्हणून नाके मुरडली गेली ती मांदेलीलाच.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, ते योग्यच. पण एरवी जाळ्यात येणारी बरीच बारीक मासळी आता सुकवून, कुटून कोंबड्यांच्या आणि तळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यात जाते. गटारीला कोंबडीसाठी रांग लावणाऱ्याच्या ताटातही कदाचित समुद्र आलेला असतो. दाताखाली कुरकुरणारा तळलेला काटा तेवढा त्याच्या वाट्याला येत नाही.