तडफड आणि वेदना

इंग्रजीतल्या ‘राइद’ या क्रियापदाचा जुना अर्थ पिळणे, वळवणे एवढाच होता. फुलापानांच्या चक्राला इंग्रजीत ‘रीथ’ म्हणतात, तो शब्द त्याच कुळातला. आज ‘राइद’ सापाच्या वेटोळ्यांनाही चालते, पण मुख्यतः यातनेने अंग पिळवटणाऱ्या जिवासाठी वापरले जाते. मराठीत वळवळ आणि तडफड वेगळ्या आहेत. ‘राइद’मध्ये दोन्ही सामावतात, आणि तिथेच तत्त्वज्ञानातला एक अवघड प्रश्न उभा राहतो. डोळ्यांना दिसते ती हालचाल. मग वेदना कळते कशी?

सतराव्या शतकात तत्त्वज्ञ देकार्तने प्राण्यांची शरीरे यंत्रांसारखी चालतात असे मांडले. त्याच्या वाटेने गेलेला मालब्रांश तर प्राणी वेदनेविनाच ओरडतात, असे म्हणू लागला. या मताला सर्वांत मार्मिक उत्तर तत्त्वज्ञ विट्गेनश्टाइनच्या 1953 साली, त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या ग्रंथात मिळते. दगडाला संवेदना आहे अशी कल्पना करून पाहा, जमत नाही. धडपडणारी माशी पाहिली की ती अडचण उरत नाही. आधी हालचाल पाहायची आणि मग वेदनेचा तर्क करायचा, असे आपण करत नाही, हे त्याचे म्हणणे खरे आहे.

तरीही पालीचे तुटलेले शेपूट फरशीवर कितीतरी वेळ वळवळते. ते शेपूट कळवळते आहे असे कोणी म्हणत नाही, कारण मेंदू पालीबरोबर निघून गेलेला असतो. शेपटातल्या मज्जारज्जूचा तुकडा स्नायूंना हलवत राहतो. विट्गेनश्टाइनला याची अडचण नाही: त्याच्या मते वेदना जिवंत, सबंध प्राण्याची असते, सुट्या अवयवाची नव्हे.

खरी अडचण उलट बाजूने येते. शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीबरोबर स्नायू सैल करणारे औषधही अनेकदा देतात. भूल अपुरी पडली तर जागा झालेला रोगी बोटही हलवू शकत नाही, पण त्याला कळ लागू शकते. असे प्रसंग दुर्मीळ असले तरी वैद्यकात नोंदलेले आहेत. म्हणजे निश्चल देहाला दुःख नाही, असे ठरवता येत नाही. जैन दर्शनाने हे फार पूर्वी ओळखले. त्यात जीवांचे त्रस (हलणारे) आणि स्थावर असे भेद आहेत; वनस्पतीसारखे स्थावर जीव जागचे हलत नाहीत, तरी त्यांना स्पर्शेंद्रिय असते, म्हणून अहिंसेची मर्यादा त्यांच्यापर्यंत पोहोचते.

आधुनिक संशोधक नुसत्या तडफडीवर विसंबत नाहीत. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लिन स्नेडन यांनी ट्राउट माशांच्या ओठात अॅसेटिक आम्ल टोचले. मासे ओठ तळच्या खड्यांवर घासू लागले. मॉर्फीन दिल्यावर ते घासणे कमी झाले. दुखऱ्या जागेकडेच लक्ष जाणे आणि वेदनाशामकाने ते ओसरणे, हा पुरावा नुसत्या वळवळीहून कितीतरी बळकट आहे. अशाच पुराव्यांच्या आधारे ब्रिटनच्या 2022 च्या प्राणिकल्याण कायद्याने खेकडे, शेवंडी आणि ऑक्टोपस यांनाही संवेदनशील जीव मानले.