आपल्या कामावर आपले नाव

स्वतःवर प्रेम करा, हा सल्ला आजकाल रील्समधून उठता-बसता मिळतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की स्वतःचे थोडे लाड करा. लाडांना माझी हरकत नाही. पण उल्हासनगरच्या कॅम्प २ सारख्या कष्टाळू वस्तीत खरा प्रश्न मोलाचा आहे. दिवसभर राबणारा माणूस आपल्या राबण्याला काय किंमत देतो?

दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसे उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. घर, शेती, शेजार सगळे सिंधमध्ये सोडून आलेल्या या लोकांनी बराकींत पापड लाटले, लोकलमध्ये फेरीचा माल विकला आणि पुढे गजानन मार्केट, जपानी बाजार उभे केले. आणि याच शहराच्या मालावर 'मेड इन यूएसए' छापलेले असते, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असे सांगत मुंबई वर्षानुवर्षे हसत आली. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. माल कितीही चोख असला तरी आपल्या नावावर तो खपणार नाही, ही धास्ती त्यामागे आहे. ती धास्ती गिऱ्हाइकांनी, म्हणजे आपणच, घातलेली आहे.

हीच धास्ती घराघरांत वेगळ्या रूपात भेटते. इथल्या जीन्सच्या धंद्यात 'धागा कटिंग' नावाचे काम असते. शिवलेल्या पँटींचा गठ्ठा घरी येतो. बाई जमिनीवर बसून खिशाच्या टोकाचे, बेल्टपट्टीच्या आतले, चेनजवळचे सुटे दोरे छोट्या कात्रीने कापते. दोरा राहिला तर पीस परत येतो, कात्री जरा खोल गेली तर शिलाई उसवते. पैसे नगावर मिळतात. गॅसवर भात, मांडीवर पँट, दारात मुलाची हाक, असे सगळे एकदम चालते. आणि कोणी विचारले, "ताई, तुम्ही काय करता?" तर उत्तर येते, "काही नाही हो, घरीच असते."

या "काही नाही"ला आपण साधेपणा म्हणून डोक्यावर घेतो, ते मला मान्य नाही. नम्रतेचा दाखला द्यायचा तर आपल्या संतांचा द्यावा. विठ्ठलापुढे त्यांच्याइतके लीन कोण झाले? तरीही जनाबाई असोत, चोखोबा असोत की तुकोबा, अभंगाच्या शेवटी स्वतःचे नाव घालायला ते विसरले नाहीत. ज्या चोखोबांना देवळाच्या दाराशी अडवले गेले, त्यांनीही आपल्या शब्दांवर आपली नाममुद्रा उमटवली. देवापुढे लहान होणे आणि स्वतःला कवडीमोल समजणे यांत फार अंतर आहे.

नुसता आत्मसन्मान जागा झाला म्हणून नगामागचा दर वाढत नाही, हे खरे. दर वाढायला एकजूट लागते, कायदा लागतो, ठेकेदाराशी भांडावे लागते. पण आपले काम म्हणजे वेळ घालवणे आहे असे जिला वाटते, ती दर मागायला तोंडच उघडत नाही, आणि ठेकेदाराला हे पक्के ठाऊक असते. म्हणून स्वतःचे मोल कळणे ही मला चैन वाटत नाही. मजुरीचा झगडा तिथूनच सुरू होतो.

असंघटित कामगारांसाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल सुरू केले. १६ ते ५९ वयाच्या, घरबसल्या काम करणाऱ्यांनाही तिथे कामगार म्हणून नाव नोंदवता येते. तुमच्या घरात, चाळीत, मजल्यावर अशी एखादी ताई असेल, तर आधार कार्ड आणि मोबाइल घेऊन तिच्याजवळ बसा. व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहू देऊ नका. तिचे काम लिहा.