जाऊ का खाली?

मित्राने जमिनीवर पुठ्ठा अंथरला, डोळ्यांना गॉगल लावला, गाडीच्या दाराशी उकिडवा बसला आणि मला विचारलं, "जाऊ का रे खाली?"

मी "हो, जा" म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द बाहेर आला नाही. तो का आला नाही, यावर गेले काही आठवडे विचार करतो आहे.

आधी गाडीबद्दल सांगायला हवं. 1996ची माझदा मियाटा. दोन सीट, कापडी छत, आणि बटण दाबल्यावर बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे दिवे. वयाने आम्ही दोघं जवळपास सारखेच. मी मिशिगनमध्ये राहतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दिवसभर ज्या गोष्टींना हात लावता येत नाही अशा गोष्टी दुरुस्त केल्यावर शनिवारी तेलाने हात काळे झाले तर बरं वाटतं, एवढंच या गाडीचं समर्थन. बायकोला ते पुरेसं वाटत नाही.

ही गाडी जमिनीला इतकी लागून असते की साधा ट्रॉली जॅक तिच्या नाकाखाली शिरतच नाही. म्हणजे जॅक लावायला गाडी उचलायला हवी आणि गाडी उचलायला जॅक. त्यावरचा उपाय गावठी आहे. दीड इंच जाडीच्या दोन फळ्या टाकायच्या, त्यांवर पुढची चाकं चढवायची, मग बसका जॅक आत सरकवायचा आणि पुढच्या आडव्या क्रॉसमेंबरला मधोमध लावायचा. इंजिनाच्या ऑइल पॅनला चुकूनही नाही. मागे तसाच डिफरन्शियलखाली. हॅंडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे मागची बाजू आधी उचलली तर हॅंडब्रेक ओढलेला असूनही गाडी मोकळी असते आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण्या लावल्या नसतील तर ती निघते. शिवाय जॅकचा हात वर जाताना कमानीत फिरतो, म्हणून उचलताना जॅकला स्वतःला थोडं सरकावं लागतं. त्याचं लोखंडी चाक काँक्रीटच्या भेगेत अडकलं तर वरचं टेकण घसरायला लागतं. चारही चाकं उचलायची तर थोडं पुढून, थोडं मागून असं करत जायचं. एक टोक एकदम उंच केलं तर दुसऱ्या टोकाचे स्टँड कलतात.

एवढं सगळं केल्यावरही जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. जॅकमधलं तेल एका रबरी सीलने आणि एका छोट्या व्हॉल्व्हने अडवलेलं असतं. टनभर गाडी आणि तुमच्या बरगड्या यांच्यामध्ये तेवढंच. स्टँडमध्ये लोखंड लोखंडावर बसलेलं असतं. अर्थात स्टँडही माणसांनीच बनवलेले. 2020मध्ये इथल्या एका मोठ्या दुकानसाखळीने सतरा लाखांच्या आसपास स्टँड परत मागवले, कारण त्यांचा खटका दातांत नीट बसत नव्हता. बदली दिलेल्यांपैकी काहींच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाला, मग तेही परत मागवले. म्हणून काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवायचं, जॅक हलकासा टेकवून ठेवायचा आणि खाली जाण्याआधी गाडीला अंगाने जोरात ढकलून बघायचं. पडायची असेल तर आत्ता पडू दे.

हे सगळं मला पाठ आहे. तरीही दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये, ऑइल बदलायच्या आधी, स्टँड लावायच्याही आधी, हातातली वॉशर घरंगळत खाली गेली आणि मी छातीपर्यंत आत शिरून ती काढली. गाडी फक्त जॅकवर होती. दहा सेकंद. काही झालं नाही. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायको आत मीटिंगमध्ये होती. आमचा ठराव आहे की मी गाडीखाली असताना तिने अर्ध्या तासाने हाक मारायची. त्या दिवशी तिने हाक मारली आणि मी हात पुसत "ओ" दिली.

विल्यम क्लिफर्ड नावाचा इंग्रज गणिती होता. क्लिफर्ड अल्जिब्रा त्याच्याच नावाची. 1877मध्ये त्याचा 'द एथिक्स ऑफ बिलीफ' नावाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याची सुरुवात एका जहाजमालकापासून होते. जहाज जुनं, पुष्कळदा डागडुजी झालेलं, त्यातून स्थलांतरित कुटुंबं निघालेली. मालकाच्या मनात शंका येते. तपासणीला खर्च आहे. मग तो स्वतःची समजूत घालतो की एवढ्या सफरी झाल्या, एवढी वादळं झाली, आताही जाईल. आणि खरोखर, प्रामाणिकपणे, त्याचा विश्वास बसतो. जहाज बुडतं. तो विम्याचे पैसे घेतो.

इथपर्यंत कुणीही त्याला दोषी म्हणेल. क्लिफर्डचं म्हणणं पुढे आहे. समजा जहाज बुडालंच नाही, ती सफर आणि पुढच्याही कित्येक सफरी सुखरूप झाल्या, तर मालकाचा दोष कमी होतो का? तो म्हणतो, तसूभरही नाही. तो विश्वास बाळगायचा हक्क मालकाला नव्हता, आणि शेवट काय झाला याने तो हक्क मागाहून मिळत नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार कडक वाटलं होतं. आमच्या धंद्यात रोलबॅक असतो. चाललं ते बरोबर, नाही चाललं तर मागे घ्यायचं. आणि माझी छाती माझी आहे, तिच्यावर मी दहा सेकंदांचा जुगार खेळलो तर क्लिफर्डला काय त्याचं? जहाजमालक स्वतः त्या जहाजात बसला नव्हता, हा फरक मला पुरेसा वाटायचा. हाक मारणारी बायको या हिशेबात मी धरली नव्हती, हे आता दिसतं.

मित्र नाशिकचा, माझ्याच ऑफिसातला. त्याला शिकायचं होतं. क्लचचं पॅडल तळाला टेकायला लागलं होतं, स्लेव्ह सिलिंडर बदलायचा होता. माझा खांदा दुखावलेला. गाडी मी उचलली, चारही स्टँड मी लावले. त्याच्याकडे तपासायचं काहीच साधन नव्हतं. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं.

तेव्हा मला मागच्या उजव्या चाकापुढचा रंगाचा फोड आठवला. मियाटाच्या छतावरचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात, पाणी दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पेटीत साचतं आणि पत्रा आतून गंजतो. मिशिगनच्या रस्त्यांवरचं मीठ बाहेरून हातभार लावतं. त्याच पेटीच्या खालच्या कडेवर स्टँड टेकायची जागा असते. फोड मी वर्षभर बघत होतो आणि त्याच जागी स्टँड लावून वर्षभर खाली झोपत होतो. 'वरवरचा आहे' असं मी कधी ठरवलं, तेही आठवत नाही.

"थांब," मी म्हटलं.

मागचे दोन्ही स्टँड काढून आतल्या सबफ्रेमला लावले. त्यात दीड तास गेला. मग त्या फोडावर स्क्रूड्रायव्हर दाबला. तो पापडात जावा तसा आत गेला. गाडी कोसळलीच असती असं मी म्हणत नाही. कड चिरडून दोन इंच खाली बसली असती कदाचित. खाली माणूस असेल तर दोन इंच पुष्कळ झाले.

मित्र वैतागला होता. "तू नेहमी असाच जातोस ना खाली?" हो. असाच जातो.

लहानपणी कराडला मामाचं गॅरेज होतं, हायवेला लागून. मी सुट्टीत जायचो. तिथे माझ्याच वयाचा एक पोऱ्या होता. स्टँड हा शब्दही तिथे कुणाला माहीत नव्हता. स्क्रू जॅक आणि लाकडी ठोकळे. एकदा ठोकळे दुसऱ्या गाडीखाली होते. गिऱ्हाईक घाईत. मामा म्हणाला, "जा की रे, दोन मिंटाचं काम हाय." पोऱ्या गेला. मी टॉर्च धरून बाहेर बसलो होतो. काही झालं नाही. माझा मामा वाईट माणूस नाही. पोऱ्या दुपारी आमच्याबरोबरच जेवायचा, सणाला त्याला कपडे मिळायचे. पण "जाऊ का?" असं त्याने कधी विचारल्याचं मला आठवत नाही. विचारायला, "नको" हे उत्तर मिळू शकतं असं आधी वाटावं लागतं. त्याला जा म्हणणारे होते, आणि मी टॉर्च धरून बसलेलो होतो. मी शेठचा भाचा. मला कुणीही खाली जा म्हटलं नसतं.

स्टँड हलवल्यावर आधी मी खाली गेलो, पाच मिनिटं पडून राहिलो. याने लोखंड बळकट होत नाही, हे कळण्याइतका मी इंजिनिअर आहे. तरी गेलो. मग बाहेर आलो, गाडीला खांदा लावून ढकललं, ती हलली नाही, आणि त्याला जा म्हटलं. सिलिंडरचा वरचा बोल्ट काढताना ब्रेकचं तेल त्याच्या गॉगलवर सांडलं आणि त्याने नाशिकच्या खास शिव्या दिल्या. साडेसहा वाजता पॅडल घट्ट झालं. जेवताना बायकोला नोव्हेंबरातली वॉशर सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही.

रविवारी मामाला फोन केला. गॅरेज बंद होऊन दहा वर्षं झाली. त्या पोऱ्याचं पुढे काय झालं, विचारलं.

"कंचा रे?" मामा म्हणाला. "किती पोरं आली न् गेली." वर्णन करून सांगितलं. जीपखाली गेला होता, ठोकळे नव्हते, मी टॉर्च धरला होता. मामाला आठवेना. मलाही त्याचं नाव आठवेना. मग त्याने विचारलं, तुझी ती बुटकी गाडी लिटरला किती देते?