‘आपली’ कंपनी

‘या दिवाळीत आपण त्यांच्यापेक्षा जास्त विकले,’ असं मी एकदा ऑफिसच्या कँटीनमध्ये बोलून गेलो. समोर जेवत असलेल्या सहकाऱ्याने डब्यातून मान वर न करता विचारलं, ‘आपण म्हणजे कोण?’

मी एका विमा कंपनीत हिशेब बघतो. ज्या कंपनीच्या गेम कन्सोलबद्दल मी बोलत होतो, तिचा एक शेअरसुद्धा माझ्याकडे नाही. तिच्या देशात मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. उलट आजवर मीच तिला पैसे देत आलोय. मराठीत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आपण’ म्हटलं की ऐकणाऱ्यालाही आत घेतलेलं असतं. त्या कंपनीने मला कधी आत घेतलं नव्हतं. मीच तिच्या उंबऱ्यात जाऊन बसलो होतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला घर माझंच आहे म्हणून सांगत होतो.

कंपनीचं नाव सांगणार नाही. सांगितलं की वाचणाऱ्यांतले निम्मे लगेच माझे वकील होतील, उरलेले सरकारी वकील, आणि मला जे कबूल करायचंय ते बाजूलाच राहील.

ते आहे 2015 सालचं. डोंबिवलीच्या ताईचा, म्हणजे माझ्या मावसबहिणीचा, मुलगा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला. बक्षीस म्हणून कन्सोल घ्यायचा ठरला. ताईचा फोन आला, ‘तूच सांग रे, तुला त्यातलं कळतं. जवळपास चाळीस हजार घालायचेत, चुकायला नको.’ फोन स्पीकरवर होता. मागून भाचा म्हणाला, ‘मामा, आमच्या बिल्डिंगमधल्या तिघांकडे ते दुसरं आहे.’

सगळं त्या एका वाक्यात होतं. तेव्हा एका कंपनीच्या कन्सोलवरून दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवाल्याशी फिफा खेळता येत नसे. ती सोय आली ती 2022 मध्ये, फिफा 23 बरोबर. म्हणजे पोराला कन्सोल हवा होता तो त्या तिघांसोबत खेळायला. हे मला कळलं नाही असं म्हणण्याची सोय नाही. कळलं होतं. तरी मी त्याला प्रोसेसर ऐकवला, मेमरी ऐकवली, पुढच्या दोन वर्षांत येणाऱ्या गेमची यादी ऐकवली. वर ‘मित्र काय रे, कॉलेजात बदलतात,’ असंही म्हणालो. ताई म्हणाली, ‘मामा सांगतोय ना, मग झालं.’

भाऊबीजेला गेलो तेव्हा भाचा हॉलमध्ये फरशीवर बसून फिफा खेळत होता, कॉम्प्युटरविरुद्ध. मांडीशी मोबाईल स्पीकरवर ठेवलेला. त्यातून तीन पोरांचा आरडाओरडा येत होता, ‘पास दे, अरे पास दे ना!’ मला वाटलं, हा त्यांच्याशीच खेळतोय. जरा वेळाने लक्षात आलं की त्यांची मॅच वेगळीच चालली होती. ते तिघं आपापल्या घरून एकत्र खेळत होते, आणि हा इथे एकट्याची मॅच खेळत त्यांचं ऐकत होता. तिकडे गोल झाला की इकडे हाही ओरडायचा. मध्येच त्यांच्यातलं कोणी याला काही विचारायचं, हा उत्तर द्यायचा, मग ते पुन्हा त्यांच्या खेळात.

‘कसा वाटला?’ मी विचारलं.

‘मस्त आहे मामा.’

मी ते खरं मानलं. करंजी खाल्ली. परतीच्या लोकलमध्ये एका मित्राला मेसेजही केला, ‘आणखी एक आपल्यात आणला.’

स्वतःची झडती घ्यायला बसलं की असले पुरावे कमी पडत नाहीत. एक्सबॉक्स 360 बिघडला की त्यावर लाल दिवे लागायचे. 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टला त्यापायी वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. 2011 च्या एप्रिलमध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये घुसखोरी झाली. 7 कोटी 70 लाख खात्यांची माहिती धोक्यात आली, सेवा तीन आठवड्यांहून जास्त बंद राहिली. यातली एक बातमी मी महिनाभर भेटेल त्याच्यापाशी चघळली. दुसरीच्या वेळी म्हणालो, ‘एवढ्या मोठ्या कारभारात होतं असं. त्यांनी निदान कबूल तरी केलं.’ कबूल तर दोघांनीही केलं होतं.

फोनचंही तेच. 2016 मध्ये ॲपलने आयफोन 7 मधून हेडफोनचा जॅक काढला तेव्हा मी पोट धरधरून हसलो. पुढे माझ्या फोनच्या कंपनीनेही तो काढला. मग मी दोन हजारांचे बिनवायरचे इयरफोन घेतले आणि वायर कशी कटकटीची असते ते लोकांना समजावू लागलो.

यातलं काही मी स्वतःला माफ करतो. आपण निवडलेली वस्तू निवडल्यानंतर आणखी चांगली वाटू लागते, हे जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1956 साली टोस्टर वगैरे घरगुती वस्तू घेऊन दाखवलं होतं. जी घेतली ती मनात चढते, जी सोडली ती उतरते. पदरचे चाळीस हजार घातल्यावर आपण चुकलो असं कोण म्हणेल? बाबांची स्कूटर तिरकी केल्याशिवाय सुरू व्हायची नाही, पण तिला नाव ठेवायची आमची टाप नव्हती. शिवाय एका कन्सोलसाठी घेतलेले गेम दुसऱ्यावर चालत नाहीत. कपाटात पंधरा-वीस डिस्क साठल्यावर त्याच कंपनीला धरून राहण्यात निष्ठा कमी आणि व्यवहार जास्त असतो.

मला टोचतो तो हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग. 1970 च्या सुमाराला त्याने ब्रिस्टलमधल्या 14-15 वर्षांच्या शाळकरी मुलांचे दोन गट केले. सांगायचं निमित्त काय, तर क्ली आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रं जास्त आवडली. प्रत्यक्षात वाटणी कशीही केलेली. मग मुलांना इतरांमध्ये पैसे वाटायला सांगितले. ज्याने वाटायचे त्याला स्वतःला त्यातलं काही मिळणार नव्हतं. मुलांचा कल आपल्या गटाकडे झुकला, यात नवल नाही. नवल पुढचं आहे. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण त्या दुसऱ्यांपेक्षा जास्त मिळाले पाहिजेत, असा त्यांचा हिशेब होता.

हे वाचताना मला चोरी पकडली गेल्यासारखं झालं. एखादा गेम फक्त ‘आपल्या’ कन्सोलवर येणार अशी बातमी आली की मी दिवसभर खुशीत असायचो. त्यातले अर्धेअधिक गेम मी घेतलेसुद्धा नाहीत. तो दुसऱ्यांना खेळता येणार नाही, एवढ्यावर माझं पोट भरायचं. 2018 मध्ये फोर्टनाइटसाठी कन्सोलांमधली भिंत पडली, कोणीही कोणाशीही खेळू लागलं. तेव्हा तरी डोंबिवलीचा तो हॉल, फरशीवरचा तो मोबाईल मला आठवायला हवा होता. माझ्या मनात आलं ते असं, की मग आता आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

भाचा आता पुण्यात नोकरीला आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी त्याला फोन लावला. म्हणायचं एवढंच होतं, ‘तेव्हा तुझं ऐकायला हवं होतं रे. मला माझंच खरं करायचं होतं.’ दोनदा मनात घोकून ठेवलं होतं, म्हणजे आयत्या वेळी हसण्यावारी नेता येणार नाही.

‘मामा, मीच करणार होतो तुला फोन,’ तोच सुरू झाला. ‘ऑफिसातल्या एकाला कन्सोल घ्यायचा होता. त्याचा जीव त्या दुसऱ्यावर, ऐकेचना. दोन दिवस डोकं खाल्लं त्याचं. म्हटलं, आपलंच घे. घेतला शेवटी!’

त्याच्या आवाजात टोमणा शोधून पाहिला. नव्हता. तो खरोखर खूश होता.

‘झकास,’ मी म्हणालो. ‘कितीला पडला?’