पूर्वीसारखे राहिले नाही

दिवाळीत चार माणसे एकत्र जमली की फराळाच्या ताटाबरोबर एक वाक्य हमखास वाढले जाते. चिवड्याचा पहिला घास घेऊन कुणीतरी म्हणते, “छान आहे, पण आईच्या हातचा जसा असे, तसा नाही.” चिवडा करणारी सून काही बोलत नाही. ती दुसऱ्या ताटाकडे वळते. वाक्य इतके जुने आणि वरवर इतके निरुपद्रवी असते, की त्याचा निवाडा करावा असे कुणाच्या मनातही येत नाही. माझ्याही आले नसते. पण २०२२ सालच्या दिवाळीत अनसिंगला माझ्या थोरल्या भावाच्या घरी एक वाद झाला, आणि त्या वादाने मला या वाक्यापुढे आरोपी म्हणून उभे केले.

अनसिंग हे वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मोठे गाव. शृंगऋषींच्या नावावरून गावाचे नाव पडले, असे जुनी माणसे सांगतात. ऋषींच्या या गावात दिवाळीच्या दिवसांत शांतता मात्र शोधून सापडत नाही. सोयाबीनच्या सुड्या शेतात उभ्या असतात, आणि एकामागून एका शेतात हडंबा धडधडत असतो. त्या यंत्राच्या घरघरीची काही वेळाने इतकी सवय होते, की ते थांबले म्हणजेच माणूस दचकतो.

ओसरीवर माझी पुतणी आणि तिचा आतेभाऊ बसले होते. दोघेही पुण्याला शिकायला असतात. दोघांच्या कानांत एकाच तारेची दोन टोके होती. पण चेहरे मात्र भांडणाचे. मी कारण विचारले.

“काका, आमच्या आवडत्या बँडची नवी गाणी आली आहेत,” पुतणी म्हणाली.

आतून भावाने विचारले, “कोनच्या लग्नातला बँड, बाई?”

हसणे ओसरल्यावर मला कळले ते असे. राम्स्टाइन नावाचा हा वाद्यवृंद १९९४ साली बर्लिनमध्ये स्थापन झाला. सहाही जण पूर्व जर्मनीत वाढलेले, आणि इतक्या वर्षांत त्यांतला एकही बदललेला नाही. त्यांच्या संगीताला ‘इंडस्ट्रियल मेटल’ म्हणतात. त्याचे मूळ कारखान्यात आहे असे म्हटले तरी चालेल. १९७६ साली लंडनच्या एका वाद्यवृंदाने आपल्या ध्वनिमुद्रिका स्वतःच काढण्यासाठी जी संस्था उभारली, तिच्या नावातच ‘इंडस्ट्रियल’ हा शब्द होता. १९८० साली पश्चिम बर्लिनमधल्या तरुणांनी तर पत्रे, सळ्या आणि भोके पाडायची यंत्रे हीच वाद्ये केली. पुढे या यांत्रिक नादाला विजेच्या गिटारीची जड साथ मिळाली. मी तारेचे एक टोक कानाला लावले. बाहेर हडंबा चालू होता, आणि थोडा वेळ तरी आतले कोणते व बाहेरचे कोणते हे मला सांगता आले नसते.

वाद होता तो त्याच वर्षी २९ एप्रिलला निघालेल्या ‘त्साइट’ या अल्बमविषयी. त्साइट म्हणजे काळ. आतेभावाचे म्हणणे असे, की ही माणसे म्हातारी झाली. ज्यांच्या गाण्याने छातीत घण बसत, ते आता पियानो वाजवून मरणाच्या गोष्टी सांगतात. “हा विश्वासघात आहे,” तो म्हणाला. पुतणी चिडली. तिच्या मते त्यात जड गाणीही होती. आणि नसती तरी काय बिघडले? त्यांनी केले आहे ना, मग ते चांगलेच असणार.

मी प्रथम मनात हसलो. परदेशातल्या सहा माणसांसाठी अनसिंगच्या ओसरीवर बहीणभावाने अबोला धरावा! पण ‘विश्वासघात’ हा शब्द माझ्या मनातून हलेना. विश्वासघात व्हायला आधी वचन द्यावे लागते. गाणाऱ्याने ऐकणाऱ्याला कोणते वचन दिलेले असते?

हा प्रश्न आपल्याकडेही नवा नाही. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गात, आणि सभाच्या सभा थक्क होत. पुढे मुंबईत त्यांनी देवधर मास्तरांकडे विद्या घेतली. मग क्षयाने गाठले. १९४८ साली ते देवासला राहायला गेले. कित्येक वर्षे गाणे बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या कानांवर येत ती माळव्यातली लोकगीते. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा ते गाणे वेगळे होते. स्वरांचे छोटे छोटे, विजेसारखे तुकडे. मध्ये बोलकी शांतता. लोकधुनांतून उगवलेले नवे राग. कुणाला त्यात साक्षात्कार दिसला, कुणाला मोडतोड. कित्येक वर्षे रसिकांच्या बैठकींत हा वाद पेटता राहिला.

यात एक गंमत आहे, आणि ती नीट पाहण्यासारखी आहे. ज्यांना ‘पूर्वीचा कुमार’ हवा होता, त्यांना नेमके काय हवे होते? त्या बालवयातले गाणे थक्क करणारे असले तरी ते बरेचसे दुसऱ्यांच्या गाण्याचे प्रतिबिंब होते. म्हणजे ज्या क्षणी तो कलावंत स्वतःच्या घरात राहायला गेला, त्या क्षणी चाहत्यांनी तक्रार केली, की हा पूर्वीच्या पत्त्यावर सापडत नाही!

उलट बाजूही पाहू. बालगंधर्वांवर महाराष्ट्राने केले तसे प्रेम क्वचितच कुणाच्या वाट्याला आले असेल. १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात त्यांनी एकनाथांची, म्हणजे पुरुषाची, भूमिका केली. पण पुढे ते पुन्हा रंगभूमीवर आणि पुन्हा स्त्रीवेषात परतले. वय झाले, शरीर स्थूल झाले, तरी शालू सुटला नाही. त्यांचे स्वतःचे मन त्यात किती होते आणि पैशाची अडचण किती, हे बाजूला ठेवू. पण समोर बसलेल्यांच्या डोळ्यांना तीच जुनी भामिनी हवी होती, हे तर खरे? प्रेम इतके निष्ठावंत असू शकते, की ते माणसाला म्हातारेही होऊ देत नाही.

मग रसिकाने मुकाट्याने सगळे गोड मानून घ्यावे काय? मुळीच नाही. पुतणीचे ‘त्यांनी केले म्हणजे चांगलेच’ हे बोलणे मला आतेभावाच्या रागाइतकेच उणे वाटले. तो जुने गाणे ऐकत होता आणि ती वकिली करीत होती. नवे गाणे दोघांपैकी कुणीच ऐकत नव्हते. न आवडलेले न आवडले म्हणून सांगणे हा रसिकाचा हक्कच आहे. किंबहुना ते त्याचे कर्तव्य आहे. गाणारा आळसावला, स्वतःचीच नक्कल करू लागला, किंवा केवळ खप पाहून वळला, तर ते कुणीतरी म्हणायलाच हवे. नाहीतर स्तुतीची सारी नाणी खोटी ठरतील.

पण ‘हे गाणे मला भिडले नाही’ आणि ‘तू मला फसवलेस’ या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. पहिले वाक्य गाण्याविषयी आहे. दुसरे वाक्य आपल्याविषयी आहे, आणि हे बोलणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. आतेभावाने हा बँड प्रथम ऐकला तो दहावीत असताना, वडील गेल्याच्या वर्षी. हे त्याने मला दुसऱ्या दिवशी शेताकडे जाताना सांगितले. त्या वर्षात घरातले सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलत. मोठ्याने बोलत ते फक्त हे सहा जण. आता तेही हळू बोलू लागले, तर त्याने जायचे कुठे? त्याचा राग मला तेव्हा कळला. आपण गाण्यात आपले एक वय ठेवायला दिलेले असते, आणि गाणारा बदलला की आपली ठेव बुडाली असे वाटते. पण त्या बिचाऱ्याला आपण ठेव दिली होती, हेच मुळी माहीत नसते.

आणि ठेव खरोखर बुडते का? १९९५ साली निघालेला त्या बँडचा पहिला अल्बम आजही जसाच्या तसा आहे. तो कुणी परत नेलेला नाही. बदलला आहे तो फक्त करणारा. आणि करणाऱ्याला काळ लागू होतो, तसा तो ऐकणाऱ्यालाही लागू होतोच. सहा माणसे तीस वर्षांच्या वयात ज्या गोष्टीवर ओरडली, तीच ओरड त्यांनी साठीकडे झुकताना केली असती, तर ते सोंग झाले असते. ते सोंग आपण सुखाने मान्य केले असते, आणि त्यालाच ‘प्रामाणिक’ म्हटले असते!

गाणाऱ्याने ऐकणाऱ्याला वचन दिलेच असेल, तर ते तेच ते देण्याचे नव्हे. खोटे न देण्याचे असते. आणि ऐकणाऱ्याचे उलट वचन एवढेच, की निवाडा करण्यापूर्वी एकदा तरी, जुने विसरून, तो हे नवे ऐकेल. बदल खरा की बाजारी, हे गाणाऱ्याच्या छातीत शिरून पाहता येत नाही. पुन्हा ऐकणे हाच त्याचा एक मार्ग आहे.

इतके सगळे मी त्या दोघांना सांगितले, आणि सांगता सांगताच मला लाज वाटू लागली.

माझा भाऊ गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षे गात आला. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा असतो. त्याचा वरचा स्वर लागला की वेशीपर्यंत ऐकू जाई. त्या आवाजात माझे सारे लहानपण आहे. मग त्याच्या घशावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या दिवाळीत तो खालच्या पट्टीत, थांबत थांबत, बोलल्यासारखा गायला. काकडा संपल्यावर मी सर्वांदेखत म्हणालो, “दादा, पूर्वीसारखं म्हण ना. हे काही तुझं गाणं नव्हे.” मला वाटले, मी त्याला उभारी दिली. त्या दिवसापासून तो मागे बसून नुसते टाळ वाजवतो.

त्या संध्याकाळी मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि चुकलो असे म्हणालो. तो बराच वेळ सुपारी कातरीत राहिला.

“तुले जुना पायजे होता, बाबू,” तो म्हणाला. “मलेबी पायजे होता. पण तो आता माझ्यापाशी नाई. जो हाय, तो मले वाईट नोता वाटत. तू म्हनलास, मंग वाटाले लागला.”

“उद्या म्हणशील?”

“पाहू.”

दुसऱ्या पहाटे देवळात मी मागच्या रांगेत, त्याच्या शेजारी बसलो. दोन अभंग झाले. तिसऱ्याला सगळ्यांचे कडवे संपल्यावर त्याने खालच्या आवाजात एक ओळ घेतली. ती वेशीपर्यंत गेली नाही. शेजारी बसल्यामुळे मला मात्र ऐकू आली, आणि तिच्यातला एक शब्द मी इतक्या वर्षांत प्रथमच नीट ऐकला. पूर्वी तो उंच स्वराच्या झगमगाटात हरवून जात असे.

घरी आलो तेव्हा ओसरीवर ती दोघे पुन्हा तारेची दोन टोके लावून बसली होती. वाद मिटला नव्हता. पण या वेळी, निदान गाणे संपेपर्यंत, कुणी बोलत नव्हते.